विद्यापीठ कुणाला बांधील? माओरी शाळांची गोष्ट

१ मे १९७९. न्यूझीलंडमधल्या ऑकलंड विद्यापीठात पदवीदान सप्ताहाची धामधूम सुरू होती. अभियांत्रिकीचे विद्यार्थी दरवर्षीप्रमाणे 'हाका'ची तालीम करत होते. हाका म्हणजे माओरी लोकांचं पूर्वापार चालत आलेलं समूहनृत्य. पाहुण्यांचं स्वागत असो, कुणाचं अंत्यविधीचं कार्य असो की लढाईची तयारी, हाका मानाने आणि गांभीर्याने केला जातो. अभियांत्रिकीच्या मुलांनी मात्र त्याची टवाळी करण्याची प्रथाच पाडली होती. कमरेला गवताचे झगे, अंगावर रंगवलेले अश्लील शब्द आणि तोंडी अर्वाच्य घोषणा. माओरी विद्यार्थ्यांनी हे थांबवा म्हणून वर्षानुवर्षं विनवण्या केल्या होत्या. त्या दिवशी 'हे तौआ' या नावाने एकत्र आलेला तरुणांचा एक गट तालमीच्या खोलीत शिरला. झटापट झाली आणि काही मिनिटांत सगळं आटोपलं. गटातल्या तरुणांवर खटले भरले गेले, त्यांना शिक्षाही झाल्या. मात्र त्यानंतर हाकाची ती टवाळी पुन्हा कधी झाली नाही.

या घटनेची चर्चा न्यूझीलंडमध्ये आजही निघते. ज्या विद्यापीठात ती घडली तिथे तेव्हा माओरी भाषा शिकवली जात होती आणि मानववंशशास्त्राचा चांगला विभागही होता. माओरींविषयीचं ज्ञान तिथे भरपूर होतं. शेजारच्या वर्गात बसलेल्या माओरी विद्यार्थ्याची तक्रार मात्र वर्षानुवर्षं कुणी मनावर घेतली नाही.

पुढे अकरा वर्षांनी, १९९० मध्ये, न्यूझीलंडच्या संसदेने शिक्षण कायद्यात दुरुस्ती केली आणि विद्यापीठ कशाला म्हणायचं ते त्यात लिहून ठेवलं. संशोधन, अध्यापन, जागतिक दर्जा या अपेक्षित गोष्टी त्यात आहेतच. शिवाय विद्यापीठाने समाजाचा टीकाकार आणि समाजाची सद्सद्विवेकबुद्धी ही भूमिका स्वीकारलेली असावी, असंही त्यात म्हटलं आहे. त्याच कलमात आणखी एका प्रकारच्या उच्चशिक्षण संस्थेची व्याख्या येते. ती म्हणजे 'वानंगा', माओरी ज्ञान माओरी रीतीने जपणारी, वाढवणारी आणि शिकवणारी संस्था.

विद्यापीठाने समाजाची सद्सद्विवेकबुद्धी व्हायचं तर आधी स्वतःच्या विवेकाची परीक्षा द्यावी लागते. न्यूझीलंडमध्ये ती परीक्षा माओरींनी घेतली. आजी-आजोबांनी, शाळेतल्या पोरांच्या आईबापांनी आणि विद्यापीठात शिकणाऱ्या मूठभर तरुणांनी. ही गोष्ट कळायला दोनशे वर्षं मागे जावं लागतं.

छडीच्या आधीची लेखणी

माओरी भाषेला लिपी नव्हती. इंग्रज मिशनरी टॉमस केंडल याने १८१६ मध्ये न्यूझीलंडच्या उत्तर टोकाला, रांगिहोआ इथे पहिली शाळा काढली. शिकवणं माओरीतूनच होत असे. १८२० मध्ये केंडल दोन माओरी सरदारांना, होंगी हिका आणि वायकाटो यांना, घेऊन इंग्लंडला गेला. केंब्रिज विद्यापीठात प्राध्यापक सॅम्युएल ली यांच्यासोबत बसून त्यांनी माओरी भाषेचं व्याकरण आणि शब्दसंग्रह तयार केला. तो त्याच वर्षी छापूनही आला. रोमन अक्षरांत माओरी कशी लिहायची याचा पाया त्या पुस्तकाने घातला. विद्यापीठ आणि माओरी यांची ही पहिली मोठी भेट. तिच्यात भाषेचे जाणकार म्हणून माओरी माणसं प्राध्यापकाच्या समोर बसली होती.

त्यानंतर वाचन-लेखन माओरी वस्त्यांमध्ये झपाट्याने पसरलं. शिकलेला माणूस दुसऱ्या गावी जाऊन तिथल्यांना शिकवू लागला.

१८४० मध्ये ब्रिटिश राजसत्ता आणि माओरी सरदार यांच्यात वायटांगीचा करार झाला. त्याच्या माओरी मसुद्यात जमिनी, गावं आणि 'ताओंगा' म्हणजे मोलाच्या ठेव्यांवरचा सरदारांचा अधिकार मान्य केला होता. पण सातच वर्षांत, १८४७ च्या वटहुकुमाने, अनुदान हवं असेल तर मिशनच्या शाळांनी इंग्रजी शिकवलंच पाहिजे अशी अट आली. १८६७ च्या कायद्याने माओरी गावांसाठी सरकारी शाळा सुरू झाल्या. जमीन गावाने द्यायची, इमारतीचा निम्मा खर्च गावाने उचलायचा, शिक्षकाच्या पगाराचा चौथा हिस्साही गावानेच भरायचा, आणि शिकवायचं ते शक्य तितकं इंग्रजीतून. पैशाची अट पुढे सैल झाली, इंग्रजीची घट्ट होत गेली.

या शाळा माओरींवर नुसत्या लादल्या गेल्या असं म्हणणं मात्र अपुरं ठरेल. जमिनीचे व्यवहार, व्यापार, कोर्टकचेऱ्या सगळं इंग्रजीत चालत होतं. आपल्या मुलांना इंग्रजी यावं म्हणून कित्येक माओरी नेत्यांनी स्वतः आग्रह धरला. माओरी घरात बोलली जाईलच, शाळेत इंग्रजी शिकू द्या, असा त्यांचा हिशेब होता. घरातली भाषा शाळेच्या छडीने मरेल, हे त्यांच्या ध्यानीमनीही नव्हतं.

छडी शब्दशः होती. उत्तरेकडचे ज्येष्ठ माओरी नेते सर जेम्स हेनारे यांनी १९८५ मध्ये वायटांगी न्यायाधिकरणासमोर, म्हणजे त्या कराराच्या भंगाच्या तक्रारी ऐकणाऱ्या मंचासमोर, आपल्या शाळेची आठवण सांगितली. शाळेच्या आवारात माओरीत बोलताना कुणी सापडलं, तर त्याला रानात पाठवत. तिथून 'पिरिता' नावाच्या चिवट वेलीची काठी त्यानेच कापून आणायची आणि त्याच काठीने फटके खायचे. पोटाला भाकर हवी असेल तर इंग्रजीच बोलावं लागेल, अशा अर्थाची मास्तरांची शिकवणही त्यांच्या लक्षात राहिली होती. हेनारे पुढे लष्करात माओरी पलटणीचे प्रमुख झाले, सर झाले. सत्तरी ओलांडल्यावरही ती काठी त्यांच्या आठवणीतून गेली नव्हती.

ते आउतेची मुलं

या साऱ्यात एक शाळा वेगळ्या वाटेने गेली. हॉक्स बे भागातली ते आउते ही १८५४ मध्ये निघालेली माओरी मुलांची निवासी शाळा. १८७८ मध्ये जॉन थॉर्नटन तिथे मुख्याध्यापक झाले आणि त्यांनी मुलांना थेट विद्यापीठाच्या प्रवेशपरीक्षेसाठी तयार करायला सुरुवात केली. लॅटिन, गणित, इंग्रजी वाङ्मय, गोऱ्या मुलांना जे शिकवतात ते सगळं.

फळ लवकरच दिसलं. आपिराना न्गाता १८९३ मध्ये कँटरबरी कॉलेजातून बी.ए. झाले. न्यूझीलंडमध्ये विद्यापीठाची पदवी पूर्ण करणारे ते पहिले माओरी. तीन वर्षांनी कायद्याचीही पदवी त्यांनी मिळवली. त्याच शाळेचे माउई पोमारे आणि ते रांगी हिरोआ डॉक्टर झाले. तिघेही पुढे संसदेत गेले, मंत्री झाले. ते रांगी हिरोआ तर पॉलिनेशियाचे नामांकित अभ्यासक म्हणून होनोलुलूच्या बिशप संग्रहालयाचे संचालक झाले. गावोगावचं आरोग्य, पाणी आणि जमिनीचे प्रश्न या माणसांनी हाती घेतले. एका शाळेने विद्यापीठाचं दार उघडलं तर पंचवीस-तीस वर्षांत काय होऊ शकतं, ते देशाने डोळ्यांनी पाहिलं.

आणि तरीही, किंवा त्यामुळेच, १९०६ मध्ये ते आउतेची चौकशी करायला आयोग नेमला गेला. शिक्षण खात्यातल्या अधिकाऱ्यांचं म्हणणं होतं की माओरी मुलांना लॅटिन कशाला, त्यांना शेती आणि हातकाम शिकवा. आयोगाचाही कौल तिकडेच गेला. थॉर्नटन यांनी विरोध केला, पण सरकारी धोरणाचा ओघ ठरला होता. मुलांनी शेतमजूर व्हावं, मुलींनी घरकाम शिकावं, आणि विद्यापीठ दोघांच्याही आवाक्याबाहेर राहावं. शाळेत कोणते विषय शिकवायचे याचा तो निर्णय प्रत्यक्षात माओरींमधून वकील, डॉक्टर, प्राध्यापक किती निघतील याचा निर्णय होता, आणि त्याचे परिणाम विसावं शतकभर जाणवत राहिले.

तीस हजार सह्या

दुसऱ्या महायुद्धानंतर माओरी कुटुंबं मोठ्या संख्येने खेडी सोडून शहरांत आली. कारखान्यांत काम होतं, बंदरांत काम होतं. शेजार मात्र इंग्रजी बोलणारा, शाळा इंग्रजी, रेडिओ इंग्रजी. १९१३ मध्ये शाळेत जाणाऱ्या माओरी मुलांपैकी ९० टक्के मुलं माओरी बोलत. १९७५ मध्ये हा आकडा ५ टक्क्यांच्याही खाली आला होता. आजीची भाषा नातवाला कळत नाही, अशी घरं देशभर झाली. भाषाशास्त्रज्ञ रिचर्ड बेंटन यांनी सत्तरच्या दशकात घरोघरी पाहणी करून ही घसरण आकड्यांत मांडली. ही भाषा नामशेष होण्याच्या वाटेवर आहे, हे आता नाकारण्याची सोय उरली नाही.

याच काळात विद्यापीठांत पोहोचलेल्या थोड्याथोडक्या माओरी मुलांनी पहिली ठिणगी टाकली. ऑकलंड विद्यापीठात ब्रूस बिग्स १९५१ पासून माओरी भाषा शिकवत होते. १९७० मध्ये याच विद्यापीठात माओरी युवा नेत्यांची परिषद भरली आणि तिच्यातून 'न्गा तामातोआ' ही तरुणांची संघटना उभी राहिली. वेलिंग्टनच्या व्हिक्टोरिया विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांची माओरी भाषा सभाही तिच्या जोडीला आली. तरुण दारोदार फिरले. शाळांमध्ये माओरी भाषा आणि संस्कृती शिकवावी एवढीच मागणी होती. १४ सप्टेंबर १९७२ रोजी हाना ते हेमारा आणि त्यांचे सहकारी तीस हजारांहून अधिक सह्यांचं निवेदन घेऊन संसदेच्या पायऱ्यांवर उभे राहिले.

या तरुणांपैकी कित्येकांना स्वतःला माओरी नीट बोलता येत नव्हती. आपल्या आईबापांना जे नाकारलं गेलं आणि त्यांच्याकडून आपल्याला जे मिळालं नाही, ते मागायला ते आले होते. त्या दिवसाचा माओरी भाषा दिन झाला, पुढे दिनाचा सप्ताह झाला. माओरी बोलणाऱ्या जाणत्या लोकांना शिक्षक होण्यासाठी एक वर्षाचं खास प्रशिक्षणही सुरू झालं.

रंगीत कांड्या आणि भाषेची घरटी

सरकारी शाळेत आठवड्याला दोन-चार तास शिकवून भाषा जगत नाही, हे ज्यांना आधी उमगलं त्यांत कातेरिना मताइरा होत्या. लेखिका, चित्रकार आणि शिक्षिका. वायकाटो विद्यापीठात काम करताना त्यांनी केलेब गट्टेन्यो या शिक्षणतज्ज्ञाची पद्धत अभ्यासली. तिच्यात लहान मुलांना गणित शिकवायच्या रंगीत लाकडी कांड्या भाषा शिकवायला वापरतात. न्गोई पेफाइरांगी यांच्यासोबत मताइरांनी १९७९ मध्ये 'ते आताआरांगी' ही चळवळ सुरू केली.

तिचा वर्ग असा चालतो. मंडळी गोलात बसतात. मधे कांड्यांचा ढीग. शिकवणारी बाई एक लाल कांडी उचलते आणि तिच्याविषयी माओरीत एक वाक्य बोलते. मग निळी, मग पिवळी, मग लाल कांडी निळीवर. वही नाही, पुस्तक नाही, भाषांतर नाही. नियम ठरलेले आहेत. इंग्रजी बोलायचं नाही. दुसऱ्याला उत्तर सुचवायचं नाही, त्याला त्याच्या वेळाने बोलू द्यायचं. एकमेकांचा मान ठेवायचा. छडीच्या भीतीने ज्यांची जीभ गोठली होती त्या प्रौढ माणसांना चुकण्याची मुभा मिळाली. शिक्षिका बहुतेक वेळा गावातलीच एखादी आजी किंवा मावशी असे. विद्यापीठातल्या वाचनातून हाती आलेली एक पद्धत अशी गावागावांतल्या बायकांच्या हातात गेली आणि त्यांची झाली.

दरम्यान माओरी ज्येष्ठांच्या बैठकांत आणखी एक विचार पक्का झाला. भाषा वाचवायची तर सुरुवात बाळांपासून केली पाहिजे. एप्रिल १९८२ मध्ये वेलिंग्टनजवळच्या वायनुइओमाता इथे पुकेआतुआ ही पहिली 'कोहांगा रेओ' उघडली. कोहांगा रेओ म्हणजे भाषेचं घरटं. दुधाच्या बाटलीपासून झोपेपर्यंत दिवसभर मुलांच्या कानांवर फक्त माओरी पडेल अशी ही बालवाडी. शिकवायला आज्या, चालवायला आईबाप. सरकारची थोडी मदत आणि बाकी सगळं कुटुंबांच्या वर्गणीवर. आजीकडे भाषा होती, नातवंडाकडे वेळ होता, आणि मधल्या पिढीकडे भाषा हातची गेल्याची सल होती. तीन वर्षांत अशी तीनशेहून अधिक घरटी झाली. १९९४ मध्ये ती ८०० होती आणि त्यांत १४,००० मुलं होती.

पाच वर्षांची झाल्यावर ही मुलं इंग्रजी शाळेत गेली आणि घोटाळा झाला. आज्यांनी कष्टाने दिलेली भाषा काही महिन्यांत पुसली जाऊ लागली. तेव्हा पालकांनी स्वतःची प्राथमिक शाळा काढली. १९८५ मध्ये पश्चिम ऑकलंडच्या होआनी वायटीटी माराएवर पहिली 'कुरा कौपापा माओरी' सुरू झाली. माराए म्हणजे सभागृह, अंगण आणि स्वयंपाकघर मिळून बनलेली माओरी समाजाची सामाईक जागा. ही शाळा सरकारी चौकटीबाहेर होती. तिला कायद्याने मान्यता मिळायला १९८९ उजाडलं.

या शाळा उभ्या करणाऱ्यांत ग्रेअम हिंगांगारोआ स्मिथ आणि लिंडा तुहिवाई स्मिथ हे जोडपं होतं. दोघेही ऑकलंड विद्यापीठात शिकवत. लिंडा विद्यार्थिदशेत न्गा तामातोआत होत्या. शाळेला मान्यता का द्यावी याचा युक्तिवाद मांडायचं कसब विद्यापीठाने त्यांना दिलं होतं आणि शाळा काढण्याची निकड घराने. विद्यापीठाची सार्वजनिक भूमिका अशा माणसांतून प्रत्यक्षात येते. त्यांना दोन्हीकडे उत्तर द्यावं लागतं. विभागप्रमुखाला आणि अंगणात बसलेल्या आजीला.

१९८६ मध्ये वायटांगी न्यायाधिकरणाने भाषेच्या दाव्यावर अहवाल दिला. माओरी भाषा हा करारात अभय दिलेला ताओंगा आहे आणि तिला जपण्याचं वचन सरकारने पाळलेलं नाही, असा त्याचा निष्कर्ष होता. शिक्षणव्यवस्था माओरी मुलांच्या बाबतीत अपयशी ठरली आहे, असंही त्यात स्पष्ट म्हटलं होतं. पुढच्याच वर्षी माओरी देशाची अधिकृत भाषा झाली.

स्वतःची विद्यापीठं

व्हिक्टोरिया विद्यापीठात हिशेबशास्त्र शिकवणारे प्राध्यापक व्हाटारांगी विनिआटा यांनी आपल्या समाजाचाही ताळेबंद मांडला. वेलिंग्टनच्या उत्तरेकडच्या तीन जमातींनी १९७५ मध्ये स्वतःची स्थिती तपासली. तीस वर्षांखालच्या कुणालाही माओरीत सहज बोलता येत नव्हतं. २००० सालापर्यंत हे चित्र पालटायचं असा पंचवीस वर्षांचा आराखडा त्यांनी आखला. त्यातून १९८१ मध्ये ओटाकी या छोट्या गावात 'ते वानंगा ओ राउकावा' ही उच्चशिक्षण संस्था उभी राहिली. इथे कोणत्याही शाखेच्या विद्यार्थ्याला माओरी भाषा शिकावी लागते आणि आपल्या जमातीचा, कुळाचा अभ्यास करावा लागतो. कायदा शिका किंवा व्यवस्थापन, आपण कुठून आलो आणि कुणासाठी शिकतो, हे अभ्यासक्रमातच आहे.

दुसरी संस्था शाळेतून बाहेर पडलेल्या मुलांसाठी निघाली. ते आवामुतु गावच्या हायस्कुलातून माओरी मुलं काढून टाकली जात होती. शाळेच्या मंडळावर असलेले रोंगो वेटेरे यांना ते बघवेना. १९८४ मध्ये त्यांनी आणि सहकाऱ्यांनी एक कला आणि प्रशिक्षण केंद्र उभारलं. तेच पुढे 'ते वानंगा ओ आओतेआरोआ' झालं. मोफत माओरी भाषावर्गांमुळे त्याची पटसंख्या एवढी वाढली की २००० नंतरच्या काही वर्षांत ते देशातल्या सर्वांत मोठ्या उच्चशिक्षण संस्थांमध्ये गणलं गेलं. विद्यार्थ्यांत तरुण होतेच, पण चाळिशी-पन्नाशीच्या बायाही होत्या. कित्येकजणींनी त्याआधी दहावीसुद्धा पूर्ण केली नव्हती. तिसरी संस्था, 'ते फारे वानंगा ओ आवानुइआरांगी', नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला फाकाताने इथे सुरू झाली.

१९९० च्या दुरुस्तीने वानंगा कायद्यात आल्या, पण इमारतींचा पैसा आला नाही. जुन्या विद्यापीठांना दशकानुदशकं सरकारी खर्चाने इमारती मिळाल्या होत्या. नव्या वानंगा उभ्या राहिल्या तेव्हा तसा निधी देण्याचं धोरण बदललेलं होतं. तीनही संस्थांनी न्यायाधिकरणाकडे दाद मागितली. १९९९ मध्ये निकाल त्यांच्या बाजूने लागला आणि सरकारला भरपाई द्यावी लागली.

संशोधन कुणासाठी?

१९९९ मध्येच लिंडा तुहिवाई स्मिथ यांचं 'डीकॉलोनायझिंग मेथडॉलॉजीज' हे पुस्तक आलं आणि जगभरच्या विद्यापीठांत वाचलं गेलं. संशोधक येतात, आमच्या वस्तू, गाणी, हाडं, आठवणी घेऊन जातात, त्यांना पदव्या मिळतात आणि आमच्याकडे काही परत येत नाही, ही मूलनिवासी समाजांची तक्रार त्यांनी विद्यापीठाच्याच भाषेत मांडली. हे संशोधन कुणाचं? त्याचे प्रश्न कुणी ठरवले? लाभ कुणाला? निष्कर्ष कुणाच्या हाती जाणार? असे प्रश्न संशोधनाच्या आधीच विचारले जावेत, असा त्यांचा आग्रह. पुढे ऑकलंड विद्यापीठात माओरी संशोधनाचं राष्ट्रीय केंद्र झालं. पीएच.डी. झालेले किंवा करत असलेले पाचशे माओरी पाच वर्षांत उभे करायचे, हे ग्रेअम स्मिथ यांनी पुढे ठेवलेलं उद्दिष्टही गाठलं गेलं.

या विचाराचा शाळेत काय उपयोग झाला, ते वायकाटो विद्यापीठाच्या एका प्रकल्पात दिसतं. रसेल बिशप, मेरे बेरीमन आणि सहकाऱ्यांनी २००१ मध्ये 'ते कोटाहितांगा' हा उपक्रम सुरू केला. माओरी मुलं माध्यमिक शाळेत मागे का पडतात, हा जुनाच प्रश्न. त्यांनी तो प्रथम मुलांनाच विचारला. मुलं म्हणाली, सरांचं आमच्याशी कसं वागणं आहे यावर सगळं अवलंबून आहे. ते आमचं नाव नीट उच्चारतात का, आमच्याकडून काही अपेक्षा ठेवतात का. पालकांनी आणि मुख्याध्यापकांनीही जवळपास हेच सांगितलं. शिक्षकांपैकी बहुतेकांनी मात्र मुलांच्या घराकडे बोट दाखवलं. गरिबी, पालकांचं दुर्लक्ष, अभ्यासाची सवय नाही.

चौघांपैकी तिघे एक सांगत होते आणि ज्यांच्या हातात वर्ग होता ते दुसरंच. प्रकल्पाने मुलांच्या बोलण्यावरून शिक्षकांचं प्रशिक्षण आखलं. कुणीतरी वर्गात बसून तास बघायचा, मग शिक्षकाशी बोलायचं, पुन्हा तास बघायचा. ते डझनावारी शाळांत पोहोचलं. सरकारी पाठबळ २०१३ मध्ये थांबलं, तरी मागे पडण्याचं कारण मुलाच्या घरात शोधण्याची सवय या प्रकल्पाने मोडायला घेतली.

चर्चा मिटलेली नाही

जुलै २०२१ मध्ये ऑकलंड विद्यापीठाच्या सात प्राध्यापकांनी 'लिसनर' साप्ताहिकात पत्र लिहिलं. माओरी ज्ञानपरंपरेला शालेय विज्ञानाच्या बरोबरीने स्थान देण्याच्या प्रस्तावाला त्यांचा विरोध होता. ती परंपरा मोलाची आहे, पण तिला विज्ञान म्हणता येणार नाही, असं त्यांचं म्हणणं. लगेच दोन हजारांहून अधिक अभ्यासकांनी सह्या करून त्याचा प्रतिवाद केला. समुद्रप्रवास, तारे, माती, मासेमारी यांविषयी माओरींनी शतकानुशतकं निरीक्षणाने आणि पडताळ्याने ज्ञान साठवलं आहे, ते विसरता येणार नाही, असं त्यात म्हटलं होतं. रॉयल सोसायटी या देशातल्या विद्वत्संस्थेकडे पत्रलेखकांविरुद्ध तक्रारी गेल्या, चौकशी सुरू झाली आणि पुढे ती कारवाईविना संपली. समाजाचा टीकाकार ही कायद्यातली भूमिका दोन्ही बाजूंनी आपल्या समर्थनाला घेतली. कटुता पुष्कळ झाली. तरी शाळेच्या विज्ञानाच्या पुस्तकात काय असावं यावर देशाचे प्राध्यापक उघडपणे भांडले आणि त्या वादात माओरी वैज्ञानिक विद्यापीठातल्या आपल्या खुर्चीवरून बोलले. पन्नास वर्षांपूर्वी त्या खुर्च्या त्यांच्याकडे नव्हत्या.

आकडे आशा आणि चिंता दोन्ही दाखवतात. २०२३ च्या जनगणनेत देशात सुमारे २ लाख १३ हजार लोकांनी आपण माओरी बोलू शकतो असं सांगितलं. माओरी लोकसंख्या तेव्हा ८ लाख ८७ हजारांच्या आसपास होती. माओरी बोलणाऱ्यांत काही माओरी नसलेलेही आहेत. बहुसंख्य माओरी मुलं आजही इंग्रजी माध्यमाच्या शाळांत जातात. एके काळी आठशेवर पोहोचलेली भाषेची घरटी नंतर जवळपास निम्म्यावर आली. त्याचं एक मोठं कारण न्यायाधिकरणाने २०१२ च्या अहवालात नोंदवलं. सरकारने या घरट्यांना इतर बालवाड्यांच्याच निकषांत बसवलं. पदविकाधारक शिक्षक, ठरावीक कागदपत्रं, ठरावीक तपासणी. ज्या आजीकडे भाषा होती तिच्याकडे पदविका नव्हती. आईबापांच्या सहभागावर चालणाऱ्या रचनेला सरकारी निधीच्या सूत्रात जागा नव्हती.

विद्यापीठांपुढचं काम इथे अगदी नेमकं आहे. माओरी माध्यमाच्या शाळांना गणित आणि विज्ञान माओरीतून शिकवू शकणारे शिक्षक हवेत. त्यांना घडवणारे वर्ग, त्यांच्यासाठी पाठ्यपुस्तकं, आणि आजीच्या भाषाज्ञानाला मान्यता देणारे निकष, हे सगळं उच्चशिक्षण संस्थांच्या आवाक्यातलं आहे. असा शिक्षक घडायला वर्षं लागतात, आणि घडला की इंग्रजी शाळाही त्याला ओढून नेतात.

वानंगांपुढचा प्रश्न वेगळा आहे. कायद्याने त्यांना सरकारी संस्थांच्या चौकटीत बसवलं होतं. मंडळावर मंत्र्याने नेमलेले सदस्य, हिशेब सरकारला. ते वानंगा ओ राउकावाचं अनेक वर्षं म्हणणं होतं की आम्हाला ज्या जमातींनी जन्म दिला, त्यांनाच आम्ही बांधील असलं पाहिजे. ऑगस्ट २०२३ मध्ये झालेल्या दुरुस्तीने वानंगांना ही वाट मोकळी करून दिली. सरकारी निधी चालू ठेवून संस्थेने आपल्या जमातींना उत्तरदायी राहावं, तिची घटना त्यांच्याशी बोलून ठरावी, अशी तरतूद आता आहे. ओटाकीच्या त्या संस्थेने १९८१ मध्ये जमातींच्या जागेत वर्ग भरवायला सुरुवात केली तेव्हा तिला कुठलीच सरकारी मान्यता नव्हती. बेचाळीस वर्षांनी सरकारने तिची मूळ अट कायद्यात लिहिली.